१२ माणसं, एक ओटा, दोन हात: बेत कसा ठरवायचा?

(प्रश्न आणि त्यावरची उत्तरं; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

ओट्यापाशी

शनिवारी रात्री १२ जण जेवायला आहेत, सगळी मोठी माणसं. त्यातले पाच शाकाहारी. स्वयंपाक करणारं माणूस एकच. शेगडी चार बर्नरची आहे, पण मोठी पातेली चढवली की तीनच बर्नर वापरता येतात. एक ओव्हन, एक साधा फ्रिज. चार-पाच जणांचा स्वयंपाक रोजचाच, त्यामुळे पदार्थ कसा करायचा हा प्रश्न नाही. प्रश्न बेताचा आणि वेळेचा आहे.

डोक्यात असलेला बेत: सूप, दोन तळलेले पदार्थ, कोंबडीचा रस्सा, राजम्याचा रस्सा, ओव्हनमध्ये भाजलेले बटाटे, भात, सॅलड, शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. पाहुणे सातला येतील, आठला जेवायला बसायचं.

विचारायचं आहे ते असं:

१. यातलं आदल्या दिवशी काय करून ठेवता येईल आणि काय अजिबात नाही?
२. चौघांच्या प्रमाणाला सरळ तीनने गुणायचं का? जास्त माणसांचं करताना मीठ-मसाला हात राखून घाला असं जो तो सांगतो, का ते कोणी सांगत नाही.
३. पाहुणे बाहेर बसलेत आणि यजमान आत घाम पुसतोय, हे कसं टाळायचं?

---

मंद आच

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बेत त्यावरच ठरतो.

पाहुण्यांसाठी पदार्थ निवडताना तो चवीला कसा आहे हे नंतर बघायचं. आधी बघायचं की तयार झाल्यावर तो किती वेळ थांबू शकतो आणि शेवटच्या पाऊण तासात त्याला किती वेळ हात लागतो. तुमची यादी या चाळणीतून काढली तर असं दिसतं:

दोन्ही रस्से एक दिवस थांबतात. कस्टर्डला तर एक रात्र फ्रिजमध्ये काढावीच लागते. बटाटे अर्ध्यावर आणून सहा-सात तास थांबतात, नंतर ओव्हनमध्ये ४०-४५ मिनिटं, तीही फारसा हात न लावता. भात झाकून तासभर थांबतो. सॅलडचे सुटे भाग थांबतात, एकत्र केल्यावर ते १५ मिनिटांत मान टाकतं. तळण पाच मिनिटांच्या वर थांबत नाही आणि तळताना कढईसमोरून हलता येत नाही. सूप थांबतं, पण त्याला एक बर्नर, १२ वाट्या आणि १२ चमचे लागतात, आणि ते वाढून-उचलून होईपर्यंत रस्सा गरम करायची वेळ निघून जाते.

तेव्हा सूप काढा, दोन्ही तळण काढा. उरलं त्यात दोन रस्से, बटाटे, भात, सॅलड, गोड. १२ जणांना हे भरपूर झालं. पदार्थ वाढवले म्हणून जेवण जास्त चांगलं होत नाही. प्रत्येक जण सगळं थोडं थोडं घेतो आणि प्रत्येक पातेल्यात तळाशी काही ना काही उरतं.

बेत पक्का करण्याआधी एक कागद घ्या. तीन बर्नर आणि ओव्हन असे चार उभे रकाने आखा, आडव्या ओळींत सात ते आठ हा तास दहा-दहा मिनिटांनी मांडा आणि कुठला पदार्थ कधी कुठे असेल ते भरा. एका चौकटीत दोन नावं आली की त्यातलं एक बेतातून गेलं. बरेच बेत डोक्यात अगदी छान बसलेले असतात आणि या कागदावर फसतात.

आणि पाहुणे येण्याआधी सिंक रिकामं, कचऱ्याचा डबा रिकामा. मोकळं सिंक हा पाचवा बर्नर समजा.

---

वजनकाटा

दुसरा प्रश्न माझा.

मोठ्या माणसाला एका जेवणात गोड धरून साधारण ५५०-६५० ग्रॅम शिजलेलं अन्न लागतं. तुमच्या बेताला कच्चं सामान असं:

तांदूळ माणशी ७० ग्रॅम, म्हणजे ८५० ग्रॅम. शिजून तो अडीच ते तीन पट होतो. कोंबडी हाडासकट माणशी २५० ग्रॅम; सात जणांना पावणेदोन किलो, २ किलो घ्या. राजमा शाकाहारी पाचांसाठीच मोजलात तर कमी पडेल, कारण बाकीचे सातही तो घेणारच. सगळ्या बारांसाठी माणशी ४० ग्रॅम कोरडा, म्हणजे अर्धा किलो. शिजून तो सव्वा किलोच्या आसपास भरतो. बटाटे माणशी १५० ग्रॅम, सॅलड ८० ग्रॅम.

आता गुणाकाराबद्दल. मसाला तिप्पट, मीठ तिप्पट, पण पाणी तिप्पट नाही. घोटाळा इथे होतो आणि दोष मिठाला लागतो. उकळताना पाणी उडतं ते वरच्या पृष्ठभागावरून. पातेल्यातला माल तिप्पट झाला तरी तोंड तिप्पट रुंद होत नाही, म्हणून त्या मानाने वाफ कमी जाते. चौघांच्या रश्श्यात तीन वाट्या पाणी घालून एक वाटी उडत असेल, तर १२ जणांच्या रश्श्यात तीन वाट्या उडतील असं धरू नका. त्याच वेळेत दोनच्या आसपास उडेल. नऊ वाट्या घातल्या की रस्सा पातळ राहतो. मग तो आटवत बसतात, तोवर कोंबडी तंतू तंतू होते. पाणी सव्वासात-साडेसात वाट्यांपासून सुरू करा. घट्ट वाटलं तर उकळतं पाणी वाढवता येतं, काढून मात्र घेता येत नाही.

मिठाचा खरा हिशोब तयार पदार्थाच्या वजनावर. हाडं सोडून वजनाच्या साधारण १ टक्का. साडेतीन किलो रस्सा असेल तर ३५ ग्रॅम. बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा म्हणजे ६ ग्रॅम, म्हणजे सहा चमच्यांना किंचित कमी. त्यातले चार सुरुवातीला, बाकीचं आटणं थांबल्यावर चव बघत. हात राखायचा तो एवढ्यासाठीच, की शेवटी वजन किती राहणार ते आधी नेमकं ठाऊक नसतं.

अख्खा गरम मसाला मात्र खरंच कमी लागतो. मोठं पातेलं उकळायला वेळ घेतं आणि निवायलाही. तेवढा जादा वेळ लवंग-दालचिनी गरम रश्श्यात पडून राहते. तिप्पट ऐवजी सव्वादोन पट घाला. रस्सा आदल्या दिवशी करणार असाल तर शिजल्यावर अख्खा मसाला काढूनच टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी लवंगेशिवाय कशाचीच चव लागणार नाही.

भातालाही पाण्याचा हाच नियम. तांदूळ स्वतः जेवढ्यास तेवढंच पाणी पितो, वाटीला वाटी. त्यावरचं पाणी असतं ते वाफेसाठी. एका वाटीला दोन वाट्या लागतात त्या म्हणूनच, आणि पाच वाट्यांना दहा घातल्या की चिखल होतो. घट्ट झाकणाच्या जाड पातेल्यात पाच वाट्यांना साडेसहा पुरतात. झाकण सैल असेल तर सात.

---

चिमूटभर

वजनकाटा, पातेल्यांचे आकारही सांगून टाका, लोक तिथेच अडकतात. कोंबडीच्या साडेतीन-चार किलो रश्श्याला निदान ६ लिटरचं पातेलं हवं, म्हणजे ढवळायला जागा राहते. राजमा कुकरमध्ये लावणार असाल तर पाण्यासकट अर्ध्याच्या वर भरू नका. डाळी-कडधान्यं फुगतात, वर फेस येतो आणि शिट्टीची वाट बंद होऊ शकते. इतर पदार्थांना दोन तृतीयांश चालतं. अर्धा किलो कोरडा राजमा भिजून किलोभर होतो, त्यावर बोटभर पाणी. ५ लिटरच्या कुकरला हे एका वेळी जमतं, ३ लिटरच्या कुकरला दोनदा लावावं लागेल.

आणि कांदा! दोन्ही रश्श्यांना मिळून किलोभर कांदा जाईल. तो एका कढईत लाल होईल या भरवशावर राहू नका. कांद्यात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं. किलोभर कांद्यातलं सगळं पाणी वाफ होऊन जाईपर्यंत कढईतला माल १०० अंशांच्या वर चढतच नाही, आणि लाल व्हायला तर १४० च्या आसपास जावं लागतं. घरच्या बर्नरवर नुसतं पाणी उडायला अर्धा तास जातो, पुढे लाल व्हायचं वेगळंच. लोकांचा धीर सुटतो, पांढऱ्या कांद्यावर टोमॅटो पडतो आणि रश्श्याला गोडसर कच्चा वास राहतो. टोमॅटो पडल्यावर कांदा पुढे लाल होत नाही. पाणी आणि आंबटपणा दोन्ही आड येतात.

दोन रुंद कढया घ्या, प्रत्येकीत अर्धा किलो. थर दोन बोटांहून जाड नको. पहिली १० मिनिटं झाकण आणि थोडं मीठ, म्हणजे पाणी लवकर सुटतं. मग झाकण काढून मोठी आच. कडेने तांबूस दिसायला लागला की मध्यम. तळाला तपकिरी थर धरला की दोन चमचे पाणी टाकून उलथन्याने खरवडून कांद्यातच मिसळा. सगळा रंग त्या थरात असतो. असं तीन-चारदा. काळा थर मात्र खरवडू नका, तो कडूच.

हे काम गुरुवारी करून टाकलंत तरी चालेल. परतलेला कांदा फ्रिजमध्ये तीन दिवस सहज राहतो.

---

खमंग

मंद आच यांचा कागद मान्य, पण सगळंच आधी करून ठेवलेलं जेवण मऊ-मऊ लागतं. दोन रस्से, भात, कस्टर्ड, सगळं चमच्याने खायचं. दाताखाली कुरकुरीत असं काहीतरी हवं. एक तळण ठेवा, फक्त ते दोनदा तळा.

बटाट्याचे काप किंवा पिठात घोळवलेली भाजी, जे असेल ते. दुपारी १५० अंशांच्या तेलात शिजेपर्यंत तळायचं, रंग येऊ द्यायचा नाही. जाळीवर पसरून ठेवायचं. आठला पाच मिनिटं असताना १८५-१९० अंशांवर एकेका घाण्याला दीड-दोन मिनिटं. पहिल्या खेपेला आतला भाग शिजतो, मधल्या वेळात आतलं पाणी कडेला येतं, दुसऱ्या खेपेला ते उडून वरचं कवच कडक होतं.

घाणा लहान. तेलात माल टाकला की तापमान २०-३० अंशांनी खाली येतं. कढई भरून टाकलंत तर आणखी उतरतं, बुडबुडे मंदावतात आणि पदार्थ तेल पितो. बुडबुड्यांचा आवाज बसला की समजा घाणा मोठा झाला.

तळलेलं कधीही झाकू नका. डब्यात झाकून ठेवलं की त्याचीच वाफ त्याला मऊ करते. कागदावर ठेवलं तरी खालची बाजू ओली होते. जाळीवर ठेवून १०० अंशांच्या ओव्हनमध्ये सोडलं तर २० मिनिटं कुरकुरीत राहतं.

---

मंद आच

पद्धत बरोबर आहे. पण ओव्हनमध्ये तेव्हा २२० अंशांवर बटाटे आहेत, १०० चा ओव्हन आणायचा कुठून? आणि आठला पाच कमी असताना यजमान १९० अंशांच्या तेलासमोर उभा. १२ जणांचे निदान सहा-सात घाणे होतात, म्हणजे निव्वळ १५ मिनिटं. तेवढ्यात रस्सा खाली लागतो.

कुरकुरीतपणा हवा हे मान्य. तो बटाट्यांकडून घ्या.

२ किलो बटाटे सोलून ३ सेंमीचे तुकडे. खारट पाण्यात उकळी आल्यापासून ८ मिनिटं. सुरी कडेला शिरली पाहिजे, मध्यभागी अडकली पाहिजे. चाळणीत ओतून झाकण न ठेवता पाच मिनिटं वाफ जाऊ द्या. मग चाळणीतच दोन-चार झटके द्या, म्हणजे कडा खरखरीत होतात. कुरकुरीत होतं ते या भुग्यामुळे. गुळगुळीत तुकडा कितीही भाजला तरी त्याला नुसती साल येते. ताटात पसरून निववा आणि फ्रिजमध्ये उघडेच ठेवा, वरचा भाग आणखी सुकतो. हे शनिवारी सकाळी.

संध्याकाळी ट्रे आणि तेल आधी ओव्हनमध्ये तापवा, मग बटाटे टाका. एकाला एक चिकटू देऊ नका, अधेमधे ट्रे दिसला पाहिजे. २ किलोला दोन ट्रे लागतात. एकाच ट्रेमध्ये कोंबलेत तर ते भाजले न जाता वाफेवर शिजतात, आणि बहुतेकांचे बटाटे बिघडतात ते इथेच. २५ मिनिटांनी उलटा आणि वरचा ट्रे खाली, खालचा वर. एका ट्रेला ३५ मिनिटं लागत असतील तर दोघांना ४५ धरा. मीठ वरून शेवटी.

---

थर्मामीटर

आदल्या दिवशी करायचं म्हणताय म्हणून निववण्याबद्दल लिहितो. घरच्या मोठ्या जेवणात आजारपण येतं ते बहुधा पातेलं निवतानाच्या तासांत.

अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे असतं तेव्हा त्यात जिवाणू वाढतात. चार किलोचा रस्सा पातेल्यातच झाकून ओट्यावर ठेवला, तर वरून कोमट लागतो आणि आतून मध्यरात्रीपर्यंत ऊबदार असतो. उकळताना जिवाणू मरतात, पण काहींचे बीजाणू उकळीतूनही वाचतात, आणि ती ऊब त्यांना पुरते. तसंच पातेलं फ्रिजमध्ये सारणं हाही उपाय नाही. मधला भाग निवायला कित्येक तास जातात आणि तोवर बाजूचं दूध तापतं.

हिशोब असा: ६० वरून २० अंशांवर दोन तासांच्या आत, तिथून ५ च्या खाली पुढच्या चार तासांत. रस्सा पसरट भांड्यांत ओता, थर ५ सेंमीपर्यंत. किंवा सिंकमध्ये बुच लावून गार पाणी आणि बर्फ भरा, पातेलं त्यात ठेवा आणि दर पाच मिनिटांनी ढवळा. ढवळणं महत्त्वाचं, नाहीतर कडेचाच गार होतो. पाणी कोमट झालं की बदला. अर्ध्या-पाऊण तासात पातेल्याला हात लावता येईल इतकं निवतं. मग फ्रिज, आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकण तिरकं.

दुसऱ्या दिवशी गरम करताना सगळीकडे ७५ अंश, म्हणजे मधोमध खदखदून उकळी. कडेला दोन बुडबुडे आले म्हणजे गरम झालं असं नाही. फ्रिजमधला रस्सा घट्ट झालेला असतो आणि घट्टच तापवला तर खाली लागतो. आधी पातेल्याच्या तळाला अर्धी वाटी पाणी, मग रस्सा, बारीक आच, पहिली १० मिनिटं झाकण. ढवळायला डाव नको, सपाट उलथनं घ्या, म्हणजे तळ खरवडला जातो. लागलाच, तर ढवळू नका आणि तळाला स्पर्श न करता वरचा रस्सा दुसऱ्या पातेल्यात ओता. करपलेला वास ढवळण्याने पसरतो.

रस्सा आदल्या दिवशीचा असेल तर कोंबडीची तंगडी आणि मांडी घ्या. छातीचं मांस दुसऱ्यांदा तापवलं की कोरडं पडतं.

भात मात्र आदल्या दिवशी नको. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला तर तो जे विष तयार करतो ते पुन्हा उकळलं तरी जात नाही. आठच्या जेवणाला सव्वासातला लावा. झाला की झाकणाखाली कोरडं सुती फडकं घाला, म्हणजे झाकणावरचं पाणी भातावर टपकत नाही. आच बंद करून पातेलं जाड टॉवेलमध्ये गुंडाळा. सव्वादोन-अडीच किलो भात तासभर चांगला गरम राहतो.

राजम्याबद्दल एकच. कच्च्या राजम्यात असं द्रव्य असतं ज्याने ओकाऱ्या होतात. आठ तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळ उकळवा. कुकरमध्ये हे आपोआप होतं. मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात थेट टाकला तर होत नाही, कारण काही भांडी तेवढी तापतच नाहीत. अर्धकच्चा राजमा कच्च्यापेक्षाही वाईट.

---

ओट्यापाशी

सगळ्यांचे आभार. सूप आणि तळण गेलं. आज कागद आखला तेव्हा सव्वासात ते पावणेआठ या चौकटीत चार नावं येत होती, म्हणजे तसंही जमणार नव्हतं.

दोन नवे प्रश्न. एका पाहुण्याला दूध चालत नाही असं कळलंय, आणि शाकाहारींपैकी दोघे अंडंही खात नाहीत. मग कस्टर्डचं काय करायचं? दुसरं म्हणजे, पाहुणे पाऊण तास उशिरा आले तर?

---

झाकण

दूध चालत नाही म्हणजे नेमकं काय ते विचारून घ्या. दुधातली साखर पचत नसेल तर ती साखर काढलेलं दूध चालतं, आणि थोडं दूध बहुतेकांना सोसतंही. दुधाची ॲलर्जी असेल तर एक चमचाही नको. लोणी नको, तूप नको, बिस्किटातली दुधाची पावडरही नको. त्यासाठी पळी, कढई, चाळणी वेगळी ठेवा. बोलावतानाच दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: काय खात नाही, आणि काय खाल्ल्याने त्रास होतो. पहिल्याचं उत्तर सगळे देतात. दुसऱ्याचं, विचारल्याशिवाय कोणी देत नाही. शेंगदाणे, सुका मेवा, गहू, मासे यांचं नाव घेऊनच विचारा.

कस्टर्ड ठेवायचं असेल तर नऊ जणांपुरतं करा: ७५० मिली दूध, ६ अंडी, १५० ग्रॅम साखर, कॅरॅमलची १०० ग्रॅम साखर वेगळी. दूध कोमटच, उकळतं नको. अंडी फेटायची नाहीत, नुसती मोडायची. फेस झाला तर तो वर जाळीसारखा दिसतो. मिश्रण गाळून घ्या. साच्याच्या निम्म्या उंचीपर्यंत गरम पाणी असलेल्या ट्रेमध्ये ठेवून १६० अंशांवर ५०-६० मिनिटं. कडा पक्क्या आणि मधला पेल्याएवढा भाग थरथरता असेल तेव्हा काढा, बाकीचं बाहेर आपोआप होतं. मध्यभाग पक्का होईपर्यंत थांबलात तर ते ८५ अंशांच्या पुढे जातं, अंडं आवळतं, भोकं पडतात आणि पाणी सुटतं. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं की कॅरॅमल वितळून पातळ पाक होतो. नीट सुटून येतं ते त्यामुळेच, त्याच दिवशी उलटू नका.

उरलेल्या तिघांसाठी अगर-अगर, म्हणजे समुद्री शेवाळापासून बनणारी, पदार्थ जमवणारी पावडर. नारळाचं दूध ३०० मिली, साखर ४५ ग्रॅम, अगरची पावडर अडीच ग्रॅम. पावडर गारच दुधात कालवा, मग तापवा आणि दोन मिनिटं खरोखर उकळू द्या. नुसतं गरम करून थांबलात तर ती विरघळत नाही आणि दुसऱ्या दिवशी वाटीच्या तळाशी कण सापडतात. ४० अंशांच्या खाली आलं की बाहेरच जमतं आणि ८५ पर्यंत तापवल्याशिवाय वितळत नाही, म्हणजे टेबलावर तासभर राहिलं तरी काही होत नाही. जिलेटिन वापरू नका. ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनतं, शाकाहारींना चालत नाही, आणि ऊबदार खोलीत सैलही पडतं.

बारा जणांना अगरचंच का करू नये? करा की, काम निम्मं होईल. पण चमचा टाकल्यावर कस्टर्ड जसं हळूच सरकतं तसं अगर सरकत नाही, ते तुटतं.

---

मंद आच

उशिराचं उत्तर: घड्याळ बघून काही चढवायचं नाही, माणसं बघून चढवायचं. शेवटचा तास हा 'सातला' सुरू होत नाही. निम्म्याहून जास्त माणसं आली की सुरू होतो. पाहुणे पाऊण तास उशिरा आले तर सगळं पाऊण तास पुढे सरकतं. चालतं, कारण तोवर काहीच शिजायला टाकलेलं नसतं.

त्याआधी फक्त ओव्हन. त्याला २२० ला पोचायला २०-२५ मिनिटं लागतात, म्हणून तो पावणेसातला लावा आणि चालू ठेवा. भाताचे तांदूळ धुऊन निथळत ठेवा, पाणी मोजून शेजारी.

माणसं आली तो शून्य क्षण. ५ व्या मिनिटाला बटाटे ओव्हनमध्ये. १० व्या मिनिटाला दोन्ही रस्से बारीक आचेवर. १५ व्या मिनिटाला भात तिसऱ्या बर्नरवर. ३० ला बटाटे उलटा, ट्रे बदला, रस्से ढवळा. ४० ला भाताची आच बंद, फडकं, टॉवेल. ५० ला बटाटे बाहेर. ५५ ला सॅलड एकत्र. मधल्या वेळात बाहेर बसून गप्पा मारायला १०-१० मिनिटांचे तीन तुकडे मिळतात. पण घड्याळाचा गजर खिशात ठेवा, गप्पांच्या नादात ३० चे ४५ होतात.

सॅलडच्या भाज्या सकाळी धुऊन पूर्ण कोरड्या करा, पानं कोरड्या फडक्यासकट डब्यात. पानावर पाणी राहिलं तर तेल चिकटत नाही, सगळं तळाशी जमतं. काकडी-टोमॅटो चिरून वेगळे, मीठ न लावता. किलोभर सॅलडला १०० मिली ड्रेसिंग पुरतं: तीन भाग तेल, एक भाग लिंबाचा रस, मीठ. बाटलीत भरून ठेवा, शेवटी हलवून ओता.

कोणीतरी आत येऊन 'काही मदत करू का' विचारतंच. 'नको नको' म्हणू नका, नाहीतर ते तिथेच उभे राहून बोलत बसतात. तीन कामं आधीच ठरवून ठेवा: पाणी भरणं, बर्फ काढणं, ताटं मांडणं.

---

वजनकाटा

मांडणीवरून आठवलं. टेबल भिंतीला लावू नका. १२ जण एकाच बाजूने गेले आणि प्रत्येकाने मिनिटभर घेतला तर शेवटच्याला १२ मिनिटं, तोवर पहिल्याचं गार. दोन्ही बाजूंनी वाट ठेवा. ताटं सुरुवातीला, चमचे-नॅपकिन शेवटी, कारण आधी घेतले तर दुसरा हात अडकतो. आधी भात, मग शाकाहारी रस्सा, कोंबडी सगळ्यांत शेवटी, म्हणजे तिचा डाव राजम्यात जात नाही. कोंबडीला लहान डाव ठेवा. मोठा ठेवला की पहिले चौघे चार-चार तुकडे घेतात आणि शेवटच्याला रस्साच उरतो.

वाढायचं सगळं एकदम बाहेर नेऊ नका. दोन तृतीयांश टेबलावर, एक तृतीयांश आत पातेल्यात, झाकून, बारीक आचेवर. दुसऱ्यांदा घेणाऱ्याला गरम मिळतं.

---

थर्मामीटर

आणि उरलेल्याचा निर्णयही सोपा होतो. आत गरम राहिलेलं पसरट भांड्यात ओतून त्याच रात्री फ्रिजमध्ये, तीन दिवसांत संपवा. टेबलावर दोन तासांहून जास्त राहिलेलं टाकून द्या, खोली ३२ अंशांच्या वर तापलेली असेल तर एका तासानंतरच. भाताला आणि कोंबडीला यात सूट नाही. सॅलड उरलं तर ते सकाळी खाण्यासारखं राहत नाहीच. बटाटे मात्र कढईत परतले की पुन्हा कडक होतात, मायक्रोवेव्हमध्ये होत नाहीत.